उसना हात

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता डॉ. वृषाली कुंभोजे यांनी आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल हातात धरलं आणि दहा मीटरवरच्या कागदावर लागोपाठ दहा छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसवले. वृषालीताई दातांच्या डॉक्टर. वय अठ्ठेचाळीस, चष्मा जाड, आणि जत्रेत फुगे फोडायलाही त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी कौतुकाच्या अपेक्षेनं मागं वळून पाहिलं. बाकावर बसलेल्या चौघांपैकी कुणी मानही वर केली नाही. कोल्हापूरच्या या नेमबाजी केंद्रात गेल्या आठ महिन्यांत असे चमत्कार इतके झाले होते, की आता एखाद्या नवख्याचा नेम चुकला तरच लोक उठून बघायला येत.

केंद्र चालवणारी त्रिशला मगदूम मात्र डॉक्टरांच्या उजव्या करंगळीकडे बघत होती. करंगळी पिस्तुलाच्या मुठीवर टेकली नव्हती, जराशी वर राहिली होती. त्रिशला सातवीत असताना सायकलवरून पडली, तिची करंगळी मोडली आणि वाकडी जुळून आली. तेव्हापासून पिस्तूल धरताना ती अशीच वर राहते. आता ती गावातल्या दोन वकिलांची, एका सराफाची, कापडवाल्यांच्या दोन्ही सुनांची आणि आज या डॉक्टरांचीही वर राहत होती. यांच्यापैकी कुणी सायकलवरून पडलं नव्हतं.

"निम्म्या जिल्ह्यानं माझी करंगळी पळवली," असं ती हसून सांगायची. त्यात तिला थोडा अभिमानही वाटायचा, हे कबूल करायला हवं. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा चौथ्या आलेल्या बाईला कोण विचारतं? तिचा हात मात्र एकाएकी लाखो लोकांना हवासा झाला होता.

ही सगळी 'बंदरनगर'ची करणी. बंदरनगर हा पुण्यातल्या एका कंपनीनं बनवलेला गुन्हेगारीचा खेळ. समुद्रकाठचं एक अख्खं शहर त्यात मोकळं सोडलेलं. कुठल्याही गल्लीत शिरा, कुणाचीही गाडी पळवा, पेढी लुटा, टोळी उभारा, कंटाळा आला तर धक्क्यावर बसून बोटी बघा. शस्त्रं ढीगभर. पण दर्दी खेळाडू एकच शस्त्र मागत, आणि त्याला लाडानं म्हणत 'म्हातारी'. हे जुन्या काळचं, स्पर्धेत वापरायचं, लांब नळीचं पिस्तूल. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, एका वेळी एकच गोळी, तीही दरवेळी हातानं भरायची. बाकीचे खेळाडू धडाधड झाडत पळत सुटतात. म्हातारीवाला गच्चीवर उभा राहतो, श्वास अर्धा सोडतो, एकदाच चाप ओढतो आणि जिना उतरून चालू लागतो. म्हातारी हळू होती, कटकटी होती, पण चुकत नसे.

ती चुकत नसे कारण तिच्यामागे त्रिशलाचा हात होता. हा खेळ स्नायुमोजा घालून खेळायचा. बोटांपासून खांद्यापर्यंत येणाऱ्या या मोज्याच्या अस्तरात केसाएवढ्या तारा असतात. त्यांतून सौम्य वीज सुटते आणि एकेका स्नायूला सांगते, आता आवळ, आता सैल पड. पोहायला शिकवणारा पोटाखाली हात धरतो ना, तसंच. फक्त इथे शिकवणारा आतून धरतो. तीन वर्षांपूर्वी त्रिशला पुण्याला जाऊन, दंडावर बासष्ट संवेदक चिकटवून, अकरा दिवस पिस्तूल उचलत होती. तिची ती हस्तस्मृती कंपनीनं म्हातारीत उतरवली. मोजा काढल्यावर तासाभरात ही शिकवण विरून जाते, असं खोक्यावर छापलेलं होतं. ती विरत नाही हे बाकावरच्या चौघांनी कुणालाही सांगितलं असतं.

"छान झालं, डॉक्टर," त्रिशला म्हणाली. "आता शेवटचं एक. उचला, नेम धरा आणि न झाडता हात खाली घ्या."

"म्हणजे?"

"आम्ही त्याला माघार म्हणतो. आमच्याकडं करावीच लागते."

ही पद्धत तिच्या गुरूंची, नलवडे सरांची. सरांच्या गुणपत्रकावर गुणांच्या शेजारी एक जादा रकाना असे, माघारीचा. दहा उचलींत एकदा तरी, नेम कितीही पक्का बसलेला असो, पिस्तूल न झाडता खाली आणायचं. रकान्यात शून्य दिसलं की सर त्या पत्रकावर सही करत नसत, मग गुण शंभरपैकी नव्व्याण्णव का असेनात. देशात दुसऱ्या कुठल्या केंद्रावर हा रकाना नव्हता. बाहेरगावचे नेमबाज त्याची टिंगल करत, आणि सरांची मुलं गुपचूप तो भरत. त्रिशलाच्या हातात तो इतका मुरला होता, की दर तीन उचलींत एकदा तिचा हात खाली येई.

डॉक्टरांनी पिस्तूल उचललं. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बसली, म्हणजे नेम जुळला, आणि फट्.

"अरे, सॉरी."

"होतं असं. परत."

फट्.

तिसऱ्यांदा छर्रा सुटला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. "मी ओढलाच नाही हो चाप," त्या म्हणाल्या. "खाली घेऊया म्हणत होते मी. माशी खाचेत बसली आणि झालं ते."

त्रिशलानं त्यांच्या हातून पिस्तूल काढून घेतलं. तिनं बाकावरच्या चौघांना एकेक करून उभं केलं, मग फोन करून आणखी सहा जणांना बोलावलं. साडेअकरापर्यंत चित्र स्पष्ट झालं. दहांपैकी सात जण बंदरनगर दोनशे तासांहून जास्त खेळलेले होते, त्या सातांतल्या एकालाही माघार जमली नाही. उरलेल्या तिघांचा नेम भिकार होता. ते मात्र सांगितलं की निमूट हात खाली आणत होते. पिस्तुलांत हवा भरायचा नळ गळतोय असं सांगून तिनं केंद्र बंद केलं आणि पुण्याला फोन लावला.

केतकी सोवनी ही त्या कंपनीतली हस्तस्मृतीची प्रमुख अभियंता. अकरा दिवस त्रिशलाच्या दंडावर संवेदक तिनंच चिकटवले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ नुसत्या कळा दाबल्याचा आवाज येत राहिला.

"मॅडम, तुमच्या एकूण उचली एकोणीसशेच्या आसपास आहेत," ती शेवटी म्हणाली. "त्यातल्या सहाशे बारांमध्ये तुम्ही गोळी झाडलेलीच नाही. हात वर, नेम, आणि परत खाली."

"हो. मग?"

"त्या आम्ही गाळल्या."

"गाळल्या?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही दमला होतात. आणि खरं सांगू का, खेळणाऱ्याला ते नकोच असतं. समोर दुश्मन उभा आहे आणि म्हातारी आपोआप खाली येतेय, असं झालं तर लोक मोजा फेकून देतील."

"अगं, मला एकदा विचारायचं तरी!"

केतकी खालच्या आवाजात म्हणाली, "माहिती साफ करताना कुणालाच विचारत नाही, मॅडम."

"म्हणजे मोज्यानं या लोकांना नक्की काय शिकवलं?"

"हात उचलला, माशी खाचेत बसली की चाप. मध्ये दुसरी वाटच नाही."

त्रिशलाच्या डोळ्यांसमोर आता ना डॉक्टर होत्या ना सराफ. त्यांच्याकडे खरं पिस्तूल कुठून येणार? तिच्या डोळ्यांसमोर तिचा धाकटा भाऊ होता. भूपाल पोलिसात फौजदार होता, म्हातारी घेऊन सातशे तास खेळला होता, आणि आत्ता अर्ध्या तासात तिच्याकडे जेवायला येणार होता. उद्या सकाळी सात वाजता तो एका संशयिताला पकडायला हळदवाडीत छापा घालणार होता, हे त्यानं कालच फोनवर मोठ्या खुशीत सांगितलं होतं.

"काय करता येईल ते बघ," ती केतकीला म्हणाली. "आजच्या आज. माझ्या घरातला माणूस आहे."

मगदुमांचं घर जैनांचं. दारातली मुंगी ओलांडून जायची, कंदमूळ घरात आणायचं नाही, असं वळण. त्रिशलानं नेमबाजी शिकायची म्हटल्यावर त्यांच्या आईनं तीन दिवस अबोला धरला होता. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "कागदाला भोकं पाड जा. जिवाला न्हाई." पुढे भूपाल पोलिसात गेला तेव्हा तिनं त्याच्याकडूनही तसंच वचन घेतलं. आई जाऊन सहा वर्षं झाली. पुण्याला हात द्यायला जाताना त्रिशलानं स्वतःची समजूत घातली होती, की खेळातली माणसं म्हणजे कागदच. आता ती आमटीला फोडणी देत होती आणि ती समजूत तिला पटत नव्हती.

भूपाल आला, पट्टा सोडून पिस्तूल फ्रीजवर ठेवलं, दर रविवारी ठेवतो तसं. अडतीस वर्षांचा, धिप्पाड, हसरा माणूस. दोन वर्षं टेबलावर कागद सरकवण्यात गेली होती. वार्षिक गोळीबार परीक्षेत तो एकदम पहिला आला आणि साहेबांनी त्याला पुन्हा बाहेरच्या कामावर घेतलं.

"सगळी तुझी कृपा, अक्का," तो चपातीचा तुकडा मोडत म्हणाला. "साहेब विचारत हुते, कुठं शिकलास. म्हटलं, बहिणीचा हात लागलाय."

"खेळून दाखव मला," त्रिशला म्हणाली. "आत्ता."

"जेवू तर दे की."

जेवण झाल्यावर त्यानं बॅगेतून मोजा काढून दंडापर्यंत चढवला आणि भिंतीवरच्या पडद्यावर बंदरनगर उघडलं. दुपारचं ऊन, धक्का, क्रेनच्या सावल्या. भूपाल गोदामाच्या गच्चीवर चढला. त्यानं म्हातारीत एक गोळी सरकवली. खाली तस्करांचा म्होरक्या गाडीतून उतरत होता. भूपालचा हात वर आला, आणि त्रिशलाला आपल्याच हाताला दुसऱ्याच्या खांद्यावर बघितल्यासारखं झालं. तेवढ्यात केळ्यांची पाटी घेतलेली एक बाई मध्ये आली. गोळी सुटली. बाई पाटीसकट खाली पडली.

"भूपाल!"

"चुकून गं. खेळात चालतंय ते." तो हसला. "केळेवाल्या लई येत्यात मधी. परत उभ्या राहत्यात त्या."

"ती मधी आलेली दिसली हुती तुला?"

"दिसली की."

"मग का झाडलीस?"

भूपालनं मोजा काढायला घेतला. त्याला कुणी हा प्रश्न विचारलेला नव्हता.

तिनं त्याला केंद्रावर नेलं, हातात छऱ्याचं पिस्तूल दिलं आणि माघार घ्यायला सांगितलं. पहिल्या चुकीला तो हसला. दुसऱ्या चुकीला त्यानं पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं, जणू दोष त्यात होता. पाचव्या चुकीनंतर तो बाकावर बसला. कपाळ घामानं डवरलं होतं.

"माझा हात हाय का काय हाय ह्यो?" तो म्हणाला.

"उद्या जाऊ नकोस. ताप आलाय म्हणून सांग."

"कसा जाऊ नको? शिवगोंडा माझ्या भरवशावर पुढं जाणार हाय. त्यानं मागच्या महिन्यात दुसरी पोरगी झाल्याचे पेढे दिले मला." शिवगोंडा पाटील हा त्याच्या हाताखालचा हवालदार, आणि खरं म्हणजे मित्रच. "आणि साहेबांना काय सांगू? खेळ खेळून हात बिघडला? पिस्तूल काढून घेतील, परत टेबलावर बसवतील. आख्खं ठाणं हसंल."

"हसू दे."

"तुला सोपं हाय बोलायला."

ते दोघं एकमेकांवर चिडून बसले असतानाच केतकीचा फोन आला. तिनं गाळलेल्या सहाशे बारा उचली जुन्या साठ्यातून शोधून काढल्या होत्या. वरिष्ठांना न विचारता ती त्या पाठवत होती. मोज्यात भरल्या की हात माघार शिकेल.

"पण पाऊण तासच," केतकीनं दोनदा बजावलं. "नीट ऐका, मॅडम. यात नुसतं खाली येणं आहे, झाडणं एकदाही नाही. तुमच्या हातात तीनास एक असं प्रमाण होतं, ते राखायला हवं. जास्त वेळ चालवलंत तर हात फक्त खालीच यायला शिकेल. आम्ही हे कुणावर तपासलेलं नाही."

"कळलं," त्रिशला म्हणाली. भूपाल पाणी प्यायला बाहेर गेला होता. तो आत आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, की उपाय मिळालाय, मोजा घाल.

पाऊण तासानं तिनं त्याच्या दहा उचली घेतल्या. चार वेळा हात खाली आला. चौथ्या वेळी भूपाल लहान पोरासारखा ओरडला. त्रिशलाला मात्र उरलेले सहा दिसत होते. दहात सहा. उद्या हळदवाडीत कुणाच्या तरी घरातून कुणीतरी बाहेर येईल, त्याच्या हातात काहीतरी असेल, आणि दहात सहा. केतकीचे शब्द तिला स्पष्ट आठवत होते. ते आठवूनच तिनं मोजा परत सुरू केला.

दोन तासांनी दहात सात झाले. तिनं आणखी दोन तास चालवला. भूपालचा दंड सुजल्यासारखा जड झाला, तो दोनदा "बास की आता" म्हणाला, आणि दोन्ही वेळा तिनं त्याला लिंबू सरबत देऊन बसवलं. एवढी घाबरलेली ती कुठल्याच स्पर्धेत नव्हती. त्याच्या हातून माणूस मरू नये, याच्या पलीकडचं तिला काही सुचत नव्हतं.

साडेसहाला, उन्हं कलताना, दहाच्या दहा वेळा भूपालचा हात खाली आला. माशी खाचेत बसायची, क्षणभर थांबायची, आणि नळी सावकाश जमिनीकडे वळायची. त्रिशलानं माघारीच्या रकान्यात दहा लिहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता एकदा झाडून दाखव, असं काही तिनं त्याला म्हटलं नाही. तीस वर्षं नेमबाजीत घालवलेल्या बाईला ते सुचलं नाही असं कसं म्हणावं? सुचलं होतं. पिस्तूल पेटीत ठेवताना सुचलं होतं, आणि तिनं पेटी बंद केली.

"हलकं वाटतंय," भूपाल बोटं उघडझाप करत म्हणाला. "माझाच हात परत आल्यागत."

सोमवारी सकाळी ती सहापासून फोन समोर ठेवून बसली. आठ वाजले. साडेआठ. तिनं दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा ओतून दिला. सव्वानऊला भूपालचा फोन आला.

"अक्का, मी बरा हाय. शिवगोंडाला लागलंय. मोठ्या दवाखान्यात ये."

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो एकटा बसला होता. शर्टाच्या बाहीवर रक्त सुकलं होतं, ते त्याचं नव्हतं. दुसऱ्या टोकाला शिवगोंडाची बायको, मांडीवर तान्ही पोर, शेजारी तिचा भाऊ. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, की गोळी मांडीतून आरपार गेली, रक्त बरंच गेलं, जीव वाचेल, पायाचं उद्या सांगू. त्रिशला भूपालशेजारी बसली. तो समोरच्या भिंतीकडे बघत बोलू लागला.

"सात वाजता घर घेरलं. गोठ्याचं दार उघडलं आणि एक माणूस बाहेर आला. हातात लांब काहीतरी. मी पिस्तूल उचललं. नेम छातीवर बसला हुता, अक्का. पुरा बसला हुता. आणि हात खाली आला. बघतोय तर म्हातारा. ज्या पोराला धरायचं हुतं त्याचा बाप. हातात शेणाचं फावडं. माझ्याकडं बघून हात जोडले त्यानं. त्या टायमाला तुझे पाय धरावं वाटलं मला. आईची आठवण आली. म्हटलं, जिंकलो आपण."

त्रिशलानं त्याचा हात धरला. तो त्यानं धरू दिला.

"मग मागच्या बाजूनं पोरगा आला. गावठी कट्टा घेऊन. शिवगोंडा त्याच्यापासनं दहा पावलांवर, पाठमोरा. मी वरडलो. पोरग्यानं कट्टा उचलला. मीबी हात उचलला. मला झाडायचीच हुती. पायावर मारायची हुती. पुरा मनापासनं चाप ओढायला गेलो आणि हात खाली. परत उचलला, खाली. तिसऱ्यांदा उचलला. तवर त्यानं झाडली."

"मग?"

"बाकीच्यांनी धरला त्याला. मी तिथंच उभा. हात खाली घालून."

आतून एक परिचारिका आली आणि पुढं निघून गेली. तान्ही पोर रडायला लागली, तिच्या आईनं तिला खांद्यावर घेतलं. त्रिशलाच्या हातातला फोन थरथरला. केतकीचा निरोप होता: वरून होकार आला, माघार आज संध्याकाळी सगळ्या मोज्यांत भरतोय, चाळीस लाख आहेत, दहात किती ठेवू, तुम्ही आकडा सांगा. त्रिशलानं फोन पालथा घातला.

"अक्का," भूपाल म्हणाला. "काल पाच तास मोजा चढवून ठेवलास. असं हुईल ते तुला म्हायती हुतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. तंत्र नवीन होतं, कुणावर तपासलेलं नव्हतं, केतकीवर ढकलता आलं असतं. पण समोर ती पोर रडत होती.

"व्हय," ती म्हणाली. "पाऊण तासाच्या वर न्हाई चालवायचं, असं सांगितलं हुतं मला. हात फक्त खालीच येईल म्हणून सांगितलं हुतं. मी तुला बोलले न्हाई. तुझ्या हातनं कुणी मरू नये एवढंच दिसत हुतं मला. तूच मरशील, शिवगोंडा मरंल, हे मनात आलंच न्हाई. आलं असंल तर मी ते बाजूला सारलं."

तिला वाटलं, आता तो ओरडेल. उठून जाईल. आयुष्यभर बोलणार नाही. तसं झालं असतं तर तिनं ते मान खाली घालून सोसलं असतं. भूपाल हलला नाही. त्यानं उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवला आणि दुकानात वस्तू पारखावी तसा तो बराच वेळ बघत राहिला.

"शिवगोंडाचं मी बघतो. त्याच्या बायकोला मी सांगतो, माझा हात चालला न्हाई म्हणून," तो म्हणाला. "मला दुसरं विचारायचंय. सकाळपासनं एकाच गोष्टीवर तग धरून हाय मी. तो म्हातारा. फावडं घेतलेला. मी तिथं हुतो, मी बघितलं, मी थांबलो, असं मनाला सांगतोय. आता तू म्हणतीस, हात खालीच येणार हुता."

त्यानं पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"मग त्या म्हाताऱ्याला कुणी सोडलं, अक्का? मी का तू?"